वरच्या फळीवरून कळवते की

१२ एप्रिल

प्रिय काडी,

पत्राच्या वरच्या बाजूला काय काय लिहायचं असतं ते बाईंनी शिकवलं होतं. पण त्या तासाला तू बाकाखाली माझी नखं रंगवत होतीस, त्यामुळे माझं लक्ष नव्हतं. म्हणून सरळ सुरुवात करते. काही राहिलं असेल तर ते तुझ्यामुळे.

फोनच करणार होते. पण फोन आईचा. परवा तिने लावून दिला तेव्हा आपण दोघी "हॅलो" म्हणालो आणि बाकी सगळा वेळ माझी आई नि तुझी आई पडद्यांच्या कापडावर बोलल्या. पत्रात कुणाला मधे तोंड घालता येत नाही.

इथे सगळं ठीक, म्हणजे वाईट. तुमच्या दाराला कुलूप आहे. कोपऱ्यावरचे सायकलवाले काका रोज विचारतात, "काय गं पेटी, काडी कुठंय?" मी रोज सांगते, तिच्या बाबांची बदली झाली, ते सगळे गेले. काका पंप मारता मारता म्हणतात, "अरेरे, वाईट झालं." आणि दुसऱ्या दिवशी परत विचारतात. तू वाळकी म्हणून काडी आणि मी चौकोनी म्हणून पेटी, हे त्यांनीच ठरवलं होतं ना? आता त्यांनीच सांगावं, नुसत्या पेटीने काय करायचं.

बाबांच्या दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंख्यांची रास लागलीय. सगळ्या गल्लीचे पंखे ते फिरवून देतात आणि आमच्या घरातला मात्र बंद. आईने काल विचारलं, "मी पण पावती घेऊन रांगेत उभी राहू का?" बाबा म्हणाले, "राहा, पण पुढच्या आठवड्यातली तारीख मिळेल." तेव्हापासून ते दोघं बोलत नाहीत. निरोप माझ्यामार्फत जातात. मी थोडे गोड करून पोचवते.

मागची सुट्टी आठवते का गं? काय ते दिवस होते! मी काल असं म्हणाले तर आई म्हणते, "म्हातारीसारखे उसासे काय टाकतेस, वर्षच तर झालंय." तिला काय कळणार. तेव्हा आपण लहान होतो.

पोहायचा तलाव उघडला. यंदाही जीवरक्षक मामाच. तीच शिट्टी, तीच टोपी. आणि मोठी बातमी म्हणजे आजी पोहायला शिकतेय! गुडघ्याच्या डॉक्टरांनी पाण्यात नुसतं चालायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी ती चालली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाली, "चालायचंच असतं तर रस्ता काय वाईट होता?" आता पाठीला फुगा बांधून हातपाय मारते. काल ती खोल बाजूला निघाली तर मामाने शिट्टी वाजवली. आजी भर तलावातून ओरडली, "शिट्टी कुणाला वाजवतोस? मी तुझी आई आहे!" मामाने शिट्टी खिशात ठेवली.

उडीची तिसरी फळी आहे तिथेच आहे. मागच्या वर्षी शेवटच्या दिवशी आपण खाली उभं राहून ठरवलं होतं, की पुढच्या सुट्टीत दोघींनी हात धरून सगळ्यात वरच्या फळीवरून उडी मारायची. आता तू तिथे आणि मी इथे. एवढा लांब हात कुणाचाच नसतो. तर काय करायचं ते कळव.

तुझी
पेटी


२३ एप्रिल

प्रिय काडी,

तुझं भलंमोठं पत्र मिळालं. वाचून आनंद झाला.

तुझ्या नव्या शेजारच्या मुलीबद्दल वाचलं. ती तीरासारखी पोहते. तिच्या घरी पदकं टांगायला वेगळा खिळा आहे. तिला पाण्याखाली डोळे उघडे ठेवता येतात. ठेवू दे. माशांनाही येतात. तिला मी इथून पुढे जलपरी म्हणणार आहे, कारण तिचं नाव लिहायला फार लांब पडतं.

तू लिहिलंयस, "तुला ती खूप आवडेल." शक्य आहे. पालकाची भाजीही आवडेल असं आई मला लहानपणापासून सांगतेय.

तुझ्या घरात तुला स्वतःची खोली मिळाली, गॅलरीतून नदी दिसते, जलपरी रोज संध्याकाळी तुला हाक मारायला येते, हे सगळं छान झालं. आमच्याकडे काही विशेष नाही. पंखा अजून बंद आहे. आई बाबांना म्हणाली, म्हणजे माझ्याकडून म्हणवलं, की घाम पुसायच्या रुमालाचा खर्च दुकानाच्या हिशेबात धरा.

आजी आता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. मधे थांबून ओळखीच्या बायकांशी बोलते, त्यामुळे वेळ लागतो.

तुझी
पेटी

ता. क. एक सांगायचं राहिलंच. मी काल तिसऱ्या फळीवरून उडी मारली. तसं त्यात काही नाही. कशी मारली ते सविस्तर लिहिलं असतं, पण कागद संपला. मागची बाजू कोरी दिसत असेल तर तिथे शाई फुटते.


४ मे

प्रिय काडी,

तू उडी मारलीस!

तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचलं. "तुझं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर चढले. पाय इतके लटपटत होते की शिडी वाजायला लागली. पण म्हटलं, पेटीने मारलीय. आता आपण मारली नाही तर दोघींनी मारायचं ठरलं होतं त्याला काय अर्थ? डोळे मिटले आणि गेले." आणि तू पाठीवर पडलीस, पाठ लालभडक झाली, तुला पालथं झोपावं लागलं आणि तुझी आई ओरडली.

मला फार आनंद झाला. इतका की जेवण गेलं नाही. आईने कपाळाला हात लावून ताप बघितला.

तू विचारलंयस, "खाली येताना मधेच पोटात कसंसं होतं ना गं?" हो. होतं. मधेच. अगदी मधे.

आणि तू मावशीकडे राहायला येणार! पुढच्या शनिवारी! "आता परत दोघी मिळून मारू, आता कसली भीती!" कसलीच नाही. फक्त काही गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुझा विरस नको. पाणी यंदा जरा जास्तच हिरवं आहे. शिवाय तलावाच्या वेळा बदलणार असं ऐकलंय. म्हणजे मीच मामाला तसं सुचवलंय. आणि तिसऱ्या फळीतला एक खिळा मला ठीक वाटत नाही. मामा म्हणतो तिथे खिळेच नाहीत, सगळे नटबोल्ट आहेत. पण त्याला दरवर्षी तेच बघून सवय झालीय, त्याला काय दिसणार. त्यापेक्षा आपण पत्ते खेळू. घरात. दार लावून.

मी हल्ली रोज शिडी चढते. व्यायाम म्हणून. चढलं की उतरावं लागतंच, त्यामुळे दुप्पट व्यायाम होतो. वरून बाबांच्या दुकानाचं छप्पर दिसतं, आणि सायकलवाल्या काकांचं टक्कल. समोर कुणी नसलं की ते टोपी काढून डोकं वाऱ्याला धरतात. हे खालून कळलंच नसतं. तेव्हा वर जाण्याचे इतरही फायदे आहेत, उडीच मारली पाहिजे असं नाही.

आजीने पाठीचा फुगा सोडला. मामा तिच्या कडेकडेने चालत होता. ती म्हणाली, "माझ्यावर लक्ष ठेवायचा पगार मिळतो का तुला? मग बाकीच्यांकडे बघ."

ये. वाट बघतेय. खरंच बघतेय.

पेटी


१४ मे

काडी,

तू टॅक्सीत बसलीस आणि मागे वळून पाहिलंही नाहीस. मी कोपऱ्यापर्यंत पळत आले होते. चपलेचा पट्टा तुटला. ते जाऊ दे.

काय झालं ते तू बघितलंयस. पण तू तुझ्या बाजूने बघितलंस. दुसऱ्या बाजूला मी उभी होते, तर तिथून कसं दिसलं ते लिहिते.

आपण तलावावर आलो. आजी नुकतीच पाण्यातून बाहेर आली होती, तरी तू ओल्या आजीला मिठी मारलीस. मी मनात म्हणत होते, आता पटकन चल, काही बोलू नकोस. आणि तू विचारलंस, "आजी, पेटीची उडी बघितलीत ना तुम्ही? कशी मारली हिने?"

आजी म्हणाली, "उडी? कुठली उडी?"

मी आजीला डोळ्यांनी खुणावलं. तिने चष्मा काढलेला होता.

"अगं, ही रोज वर जाते, वारा खाते आणि आल्या वाटेने खाली येते. मागची पोरं शिडीवर खोळंबतात. हिच्या उतरण्यासाठी मामाने वेगळी शिट्टी ठेवलीय आता, म्हणजे खालच्यांनी बाजूला व्हावं."

आणि मामाने ती वाजवून दाखवली! कुणी विचारलं होतं? माझ्याच घरची माणसं!

मला वाटलं तू हसशील. मला चिडवशील, मी तुला पाण्यात ढकलीन आणि सगळं मिटेल. पण तू हसली नाहीस. तू म्हणालीस, "म्हणजे मी एकटीच मारली?"

आणि मी म्हणाले, "मग त्यात काय एवढं? तुला जमतंय ना."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं ते मला माहीत नाही. ते बाहेर पडताना मलाच ऐकू आलं आणि मीच दचकले. तोपर्यंत तू टॉवेल उचलला होतास. मग मावशीच्या घरी मी दोनदा आले तर दोन्ही वेळा मावशी म्हणाली, "झोपलीय गं ती." उन्हाळ्यात एवढं कुणी झोपत नाही.

मी तसं का लिहिलं ते विचारायलाही तू थांबली नाहीस. थांबली असतीस तरी सांगितलं नसतं. पण तू समोर नाहीस, म्हणून लिहिते. जलपरी. बास, लिहून झालं. तिच्याकडे पदकं आहेत आणि ती तुझ्या दारात उभी असते. माझ्याकडे काय आहे? मागची सुट्टी. ती तर तुझ्याकडेही आहे.

पेटी


२० मे

काडी,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितेय. काल मी सगळ्यांसमोर उडी मारणार होते आणि आईच्या फोनवर त्याची फिल्म काढून तुझ्या आईला पाठवणार होते. म्हणजे तुला खात्री पटली असती.

मी घरोघर जाऊन सांगून आले. ही पहिली चूक. सगळे आले. आपल्या इमारतीतल्या बायका आल्या. त्यांनी बिस्किटं आणली होती. सायकलवाले काका दुकान बंद करून आले आणि भर गर्दीत मोठ्याने म्हणाले, "काय गं पेटी, काडी कुठंय?" बाबा दुकानातला एक पंखा घेऊन आले, लोकांना उकडू नये म्हणून. तो त्यांनी मामाच्या केबिनमधून वायर ओढून लावला आणि सुरू झाला. आई इतक्या दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलली. म्हणाली, "इथे बरा लागला पंखा."

मी वर गेले. टाळ्या झाल्या. मामाने शिट्टी वाजवली, चांगली वाली. सगळ्यांनी मिळून आकडे मोजले. तिनापर्यंत आले आणि थांबले, आणि मीही तिथेच थांबले. त्यांनी पुन्हा मोजले. या वेळी पाचापर्यंत, म्हणजे मला सवड मिळावी. आजी पाण्यातून ओरडली, "खाली बघू नकोस, समोर बघ!"

मी समोर बघितलं. समोर बाबांच्या दुकानाची पाटी आहे. तिच्यावर लिहिलंय, "एकदा नेल्यावर तक्रार चालणार नाही."

मी फळीवर खाली बसले. मग मामाने दुसरी शिट्टी वाजवली.

कुणी हसलं नाही, हेच जास्त वाईट. बायका म्हणाल्या, "मुलगी चढली तरी किती धीटपणे." मला बिस्किट दिलं. फिल्म आईने काढलीय. त्यात सुरुवातीला आकाश आहे, मग फळी, मग माझ्या पायांचे अंगठे, आणि त्यानंतर बराच वेळ आईचा आवाज, "अहो, तो पंखा जरा इकडे वळवा." पाठवत नाहीये.

एक मात्र झालं. तो पंखा तिथून थेट आमच्या घरी आला.

तुला नसेल लिहायचं तर नको लिहूस. पण निदान एवढं कळव, की पाठ बरी आहे का.

पेटी


२७ मे

काडी,

तू हे पत्र फोडशील की नाही माहीत नाही, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. मी उडी मारली.

आता तू म्हणशील, कागद संपला असेल. या वेळी कागद आहे.

काल सकाळी तलाव उघडायच्या आधी मी मामाबरोबर गेले होते. आदल्या दिवशी माझा टॉवेल वरच्या फळीच्या कठड्यावर राहिला होता. (हो, मी आदल्या दिवशीही गेले होते. हो, व्यायामाला.) मामा म्हणाला, "जा, घेऊन ये तो, लोक मला विचारतात की ते निशाण कसलं आहे." मी वर गेले. खाली मामा पाण्यात टाकायचं औषध आणणाऱ्याशी भांडत होता, कारण डब्यांची झाकणं सैल होती. आजी न्हाणीघरात होती आणि गात होती. सायकलवाल्या काकांचं दुकानसुद्धा उघडलं नव्हतं.

टॉवेल घेतला आणि उतरणार, तर वाटलं, एकदा टोकापर्यंत जाऊन येऊ. तिथे कुणी "मार" म्हणत नव्हतं, कुणी आकडे मोजत नव्हतं. पाणी अजून कुणी ढवळलेलं नव्हतं, त्यामुळे तळाच्या फरशा दिसत होत्या. आणि मला तू आठवलीस. तूही अशीच टोकाला उभी असशील, पाय लटपटत असतील, आणि तुला वाटत असेल, पेटीने मारलीय, मग मलाही जमेल. तुझ्या सोबतीला काय होतं? माझी थाप. आणि मी इतके दिवस वर येऊन परत जात होते, तेव्हा माझ्या सोबतीला तुझी खरी उडी होती. तरी मी घाबरत होते! मला स्वतःचा इतका राग आला की मी एक पाऊल पुढे टाकलं. पुढे फळी नव्हती.

म्हणजे उडी मारली की पडले यावर वाद होऊ शकतो. पण पाऊल मीच टाकलं, हे नक्की.

तू विचारलेलं पोटातलं कसंसं मधे नाही होत गं, सुरुवातीलाच होतं. मधे तर काहीच होत नाही, मधे नुसतं शांत असतं. मी तुला चुकीचं सांगितलं होतं. आणि टॉवेल माझ्या हातातच राहिला. पाण्यात गेल्यावर तो डोक्याभोवती गुंडाळला गेला आणि मला वाटलं, आपण मेलो आणि ही मेलेल्यावर घालतात ती शाल आहे. हातपाय मारून वर आले, टॉवेल काढला, आणि बघते तर मामा धावत येतोय. मला वाटलं, वाचवायला. तो म्हणाला, "पाडलास ना टॉवेल पाण्यात! आणि काढायला कपड्यांसकट उतरलीस?"

मी म्हणाले, "मामा, मी उडी मारली. वरून. तिसरीवरून."

मामा म्हणाला, "बरं बरं. आधी अंग पूस." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "कशाने पुसणार म्हणा."

आजीला सांगितलं. तिने माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हो गं बाळा, मारलीस हो." असं ती आमच्या शेजारच्या लहान बाळाशी बोलते. आईला सांगितलं तर तिने बाबांकडे बघितलं. आता ते दोघं बोलतात ना, त्यामुळे डोळ्यांनीसुद्धा बोलतात. सायकलवाल्या काकांना सांगितलं. ते म्हणाले, "अरेरे, वाईट झालं." त्यांनी बहुतेक ऐकलंच नव्हतं.

आजपर्यंत मी जे केलं नव्हतं ते खरं मानलंस ती एकटी तूच. आणि आता केलंय, तर तुलाच कुठल्या तोंडाने सांगू? पुरावा काही नाही. टॉवेल वाळला.

मग आज पुन्हा सगळ्यांना बोलावून मार, असं आई म्हणाली. मी नाही म्हटलं. ती उडी त्यांच्यासाठी नव्हती. तू एकटीने मारलीस, म्हणून मीही एकटीने मारली. आता आपण सारख्या झालो. तू रागावलीस तरी सारख्या.

फक्त एका गोष्टीसाठी मी तुझ्यावर रागावलेय. तू सगळं लिहिलंस, शिडी वाजली ते लिहिलंस, पाठ लाल झाली ते लिहिलंस. पण एवढ्या वरून पाण्यात पडल्यावर कॉस्च्यूम वर चढून जिथे जाऊन रुततो, आणि माणूस श्वास घ्यायच्याही आधी पाण्याखाली दोन्ही हातांनी जे करतो, ते मात्र लिहिलं नाहीस. मी कॉस्च्यूमवर टी-शर्ट घातला होता म्हणून अब्रू वाचली. निदान सावध तरी करायचंस.

पेटी


३ जून

पेटी,

मी अजून रागावलेली आहे. पण कमी.

पाठ बरी आहे. जलपरी तुला नमस्कार सांगते. ती आमच्या इथल्या तिसऱ्या फळीवर कधी चढलेली नाही, तिला उंचावर चक्कर येते, हे मी तुला पहिल्याच पत्रात लिहिणार होते, पण तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. मी उडी मारली तेव्हा ती खाली डोळे झाकून उभी होती.

पुढच्या सुट्टीत आई मला पूर्ण महिनाभर पाठवणार आहे. तेव्हा दोघींनी, हात धरून. टॉवेल खाली ठेवायचा.

तुझी उडी मला पटली. शंभर टक्के पटली. तुझ्या पत्रातल्या कुठल्या ओळीमुळे पटली ते लिहीत नाही, कारण हे पत्र पाकिटात घालायच्या आधी आई त्याचं शुद्धलेखन तपासणार आहे.

काडी